मागच्या दाराची चोळी

सकाळची कामं आवरून द्वारका राऊत ओट्यावर शिवणयंत्राला तेल घालत बसली होती, तेवढ्यात मागच्या पडवीतली कडी वाजली. दबकत वाजली. पुढे ओटा उघडा, दार सताड उघडं, ओट्यावर बसलेली बाई रस्त्यावरून दिसतेय, तरी कडी मागेच का वाजते, हे द्वारकाला कोणाला विचारावं लागत नाही. तुळशीची लग्नं लागली होती. लग्नसराई सुरू झाली की मागची कडी वाजतच राहते.

ती उठून स्वयंपाकघरातून मागे गेली. केळीच्या बागेत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाकाठाने आलेली स्वप्नाची आई उभी होती. पाय चिखलाने भरलेले. हातात पिशवी, पिशवीत वर मेथीच्या जुड्या, आणि मेथीखाली हळदीच्या चोळीचं कापड.

"काकू, तेवढं स्वप्नाचं बघा ना. सवाष्णीची कात्री लावून आणलीय हो. तुम्ही मनात काही आणू नका."

"मनात काय आननार? ठेव तिथं. गळा पुढून खोल पायजे काय?"

"तुम्हाला माहितीच आहे तिचं. हळदीच्या दोन दिवस आधी, अंधार पडायच्या आत न्यायला येते. इथूनच येते." आणि बाई आली तशी केळीत नाहीशी झाली.

आता हे काय प्रकरण आहे, ते सांगते. विरारजवळच्या निर्मळ गावच्या रस्त्यापासून आत, बागायती वाड्यांमध्ये ही आळी आहे. घरं चांगली शिकलेली. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी अजून केळी आणि फुलं करतं. या आळीत एक रिवाज आहे. नवरीच्या हळदीच्या चोळीला पहिली कात्री सवाष्णीने लावायची आणि विधवेचा हात त्या कापडाला लागू द्यायचा नाही. द्वारकाचा नवरा दयाराम होता, तोवर ही पहिली कात्री द्वारकाचीच असे. तिला पाटावर बसवायचे, हळदकुंकू लावायचे, नारळ द्यायचे. काय तिचं कौतुक! मग एका सकाळी वाडीत पंप चालू करताना दयारामला विजेचा झटका बसला आणि तो गेला. त्या दिवसापासून तोच हात, तीच कात्री, अशुभ झाली. पंप मात्र अशुभ झाला नाही. तो दुरुस्त करून अजून वापरतात.

पण पंचाईत अशी की द्वारकासारखी चोळी शिवणारं दुसरं कोणी नाही. तिने बेतलेली चोळी अंगाला अशी बसते की नवरी दिवसभर हात वर करून हळद लावून घेते आणि बाहीला एक सुरकुती येत नाही. मग रिवाजही पाळायचा आणि चोळीही बिघडवायची नाही, यासाठी आमच्या हुशार बायकांनी काय शोधून काढलं? मागचं दार! घरच्या एखाद्या सवाष्णीने कापडाच्या कोपऱ्याला जराशी कात्री लावायची, मग ते मेथीखाली लपवून द्वारकाकडे आणायचं, आणि व्याह्यांना सांगायचं की विरारच्या बुटिकमधून शिवून घेतली. ती विरारची बुटिकवालीसुद्धा गाडी रस्त्याला ठेवून केळीतूनच येते, हा भाग वेगळा. म्हणजे विधवेचा हात लागला की कापड बाटतं, पण कोणी पाहिलं नाही तर बाटत नाही. काय पण देव आहे यांचा! पुढच्या दाराशी डोळे वटारून बसतो आणि मागच्या दाराकडे पाठ करतो.

आणि हळदीच्या दिवशी चोळी मांडवात जाते. द्वारका घरी राहते.

शेजारची हेलन ओट्यावर येऊन बसली होती. तिच्या मुलीच्या फ्रॉकला लेस लावायची होती. मागचं सगळं तिने ऐकलं होतं, कारण हेलनच्या कानांना ऐकायची आणि तोंडाला बोलायची सवय आहे.

"काय गो द्वारका, तुझं पुढचं दार गंजलं काय?"

"गप गो. लोक ऐकतील."

"ऐकू दे. माझी सासू नवरा गेल्यावर वीस वर्षं जगली, चर्चमधे पहिल्या बाकावर बसायची. तू सगळ्या आळीच्या पोरी नटवतेस आणि स्वतः चुलीपाशी लपतेस. तुला राग कसा येत नाय?"

द्वारकाने लेस हातात घेऊन उलटसुलट केली. "राग करून पोट भरतं काय? माज्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

सगळ्याच आयांची तोंडं याच एका वाक्याने बंद करता येतात.

तर या पोरीचं नाव पूर्वी. वालीवला कपड्यांच्या एका कारखान्यात ती नमुने तपासायला होती. तिथे रोज शेकडो कुर्ते तिच्या हाताखालून जायचे. दोन धुण्यांत उसवणारे, आत दोरे लोंबणारे, बाईच्या अंगाचा विचारच न केलेले. एखादा टाका चुकला की गठ्ठेच्या गठ्ठे मागच्या आवारात फेकले जायचे. ते पाहून पाहून तिला शिसारी आली आणि तिने विकतचे कपडे घेणंच सोडलं. आईच्या यंत्रावर बसून स्वतःचे कपडे स्वतः शिवायला लागली. थोडेच, पण विचार करून. कापड हातात घेऊन आधी बघायची, धुऊन आटवून घ्यायची, शिवणीत आत माया ठेवायची म्हणजे उद्या अंग भरलं तरी कपडा टाकावा लागू नये. खिसा तर प्रत्येक कपड्याला पाहिजेच. मैत्रिणी चिडवायच्या, "पूर्वी, तू सेम ड्रेस किती वेळा घालते गं?" ती म्हणायची, "फाटेपर्यंत. आणि फाटला की रफू करून परत."

आगाशीकडच्या भावेशचं स्थळ आलं, दोघं चार वेळा भेटले, आवडले एकमेकांना. लग्न ठरलं. तेव्हा पूर्वीने एकच गोष्ट मागितली. ती हळदीची चोळी स्वतः शिवणार होती आणि कापड असणार होतं आईच्या लग्नातल्या हिरव्या शालूचं.

तो शालू दयारामने स्वतः पसंत करून आणला होता. तो गेल्यापासून पेटीच्या तळाशी होता. द्वारकाने एकदाही उघडून पाहिला नव्हता. उघडला तेव्हा हात फक्त पूर्वीने लावला, द्वारका जवळ बसून बघत राहिली. घड्या होत्या तिथे तिथे रेशीम विरलं होतं, बोट लावलं तरी फाटेल असं. धड राहिला होता तो पदर आणि पदराजवळचं थोडं कापड. त्यात एक चोळी जेमतेम बसत होती, तीही नीट बेतली तरच. पुन्हा आणायला ते कापड कुठल्या दुकानात नव्हतं.

म्हणून पूर्वीने घाई केली नाही. आधी मांजरपाटाची चोळी शिवून अंगावर घालून पाहिली. खांद्याला ओढत होती, ती उसवली, पुन्हा शिवली. मग कागद कापले आणि ते कागद शालूवर मांडून संध्याकाळच्या संध्याकाळ मायलेकी बसायच्या. पाठ इकडे फिरव, बाही काठाला लाव, हा विरलेला भाग चुकव. दयाराम गेल्यापासून द्वारका एवढी बोलली नव्हती. "तुजा बापूस दुकानात म्हनाला, हिरवाच दे, वाडीसारखा. दुकानदार हसला." असलं काहीबाही सांगत राहायची. कागद मांडायला तिने मदत केली. कापडाला हात मात्र लावला नाही. खडूसुद्धा पूर्वीकडून मारून घेतला. पूर्वी म्हणायची, "आई, प्लीज, घरात कोण बघतंय?" तर ही म्हणायची, "देव बघतो." पाहिलंत? आपण घातलेलं कुलूप हिने आतून स्वतः लावून घेतलं होतं.

आणि एका रविवारी भावेशची आई, आशालताबाई, सहज म्हणून आल्या. येताना पेढे आणले, गोड बोलल्या, चटईवर मांडलेला शालू आणि कागद पाहून तर हरखल्याच.

"अय्या, स्वतः शिवणार? किती छान! हल्ली असंच काहीतरी वेगळं करतात मुली. आमच्या लेकीची चोळी आम्ही विरारच्या बुटिकमधून घेतली. सगळं रीतसर, शिवणारी बाईसुद्धा सवाष्ण, मी मुद्दाम विचारलं होतं. बघा." त्यांनी मोबाइलवर लेकीचा हळदीचा फोटो काढून दाखवला. "किती सुखात आहे पोर! दृष्ट लागेल असा संसार."

द्वारकाने फोटो पाहिला. बाह्यांवर मोर होते, हाताने भरलेले. ती चहा टाकायला आत गेली.

"फक्त एक करा," आशालताबाईंचा आवाज जरा खाली आला. "पहिली कात्री तेवढी सवाष्णीची. तुमच्या त्या विनिताकाकी आहेत ना, त्यांना बोलवा. गुरुजींकडून वेळ काढून घेऊ. मीही येईन. आणि द्वारकाताईंनी... म्हणजे मला तसं काही नाही हो, पण आमच्याकडे सासूबाई आहेत, त्यांना चालत नाही."

हे "मला तसं काही नाही" फार ओळखीचं आहे. जगातला प्रत्येक रिवाज अशाच बायकांनी चालवलाय, ज्यांना तसं काही नाही.

पूर्वी तोंड उघडणार, तोच आतून द्वारकाचा आवाज आला. "हो, हो. मी कुठं हात लावते? विनितालाच बोलावते."

रात्रीच्या जेवणाला पूर्वीने विषय काढला, तशी द्वारका रडवेली झाली. "माज्यासाठी ऐक, बाय. कोपऱ्याला जरा कात्री लागली तर तुजं काय जातं? उद्या तुज्या संसारात जरा काय कमीजास्त झालं तर माज्या हाताचं नाव होईल. मला ते झेपायचं नाय." पूर्वीने भावेशला फोन केला. भावेश म्हणाला, "अगं, छोटीशी गोष्ट आहे, आईचं मन राहील." भावेश भला मुलगा. भला म्हणजे कोणाला दुखवत नाही. असल्या भलेपणाचा फायदा नेहमी समोर बसलेल्या माणसाला होतो, आणि आत चुलीपाशी बसलेल्या बाईला कधीच होत नाही.

पूर्वीने ऐकलं. पण कापडाच्या अगदी कडेला, कुठल्याच कागदाखाली येणार नाही अशा जागी, तिने खडूने फुली मारली. "कात्री इथेच. याच्या आत एक दोरासुद्धा नाही. आणि मी आल्याशिवाय नाही." ती अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकणार होती.

मुहूर्ताच्या गुरुवारी वालीवला माल अडकला, साहेबाने सोडलं नाही, मग रस्त्यात गाड्या अडकल्या. पूर्वीने फोन करून सांगितलं, "निघालेय. थांबा माझ्यासाठी." इकडे ओट्यावर पाट मांडला होता, कात्रीला हळदकुंकू लावलं होतं, विनिता गजरा माळून बसली होती, आळीतल्या पाचसहा बायका जमल्या होत्या. द्वारका कुठे होती? स्वयंपाकघरात. दार ओढून घेऊन तिने आतून कडीही लावली होती, चुकून आपली सावली नको पडायला. जिच्या लग्नाचा शालू, जिच्या नवऱ्याने आणलेला, जिची पोटची पोर, तिची सावली!

आशालताबाईंनी घड्याळ पाहिलं. "वेळ टळतेय. ती येईल मागून. लावा कात्री."

विनिता चाचपडली. द्वारकाची ही धाकटी जाऊ मनाने वाईट नाही, पण तिने जन्मात कात्रीने दुधाच्या पिशव्याच कापल्या होत्या. "इथं खडूची खूण आहे बघा, कडेला."

"कडेला? पोरीच्या संसाराला कडेला कात्री लावायची? मध्ये लावा, भरल्या जागी."

"वहिनींना विचारू का एकदा?"

"त्यांना कशाला विचारायचं? त्यांना मुद्दाम आत बसवलंय ना?"

शालू घडी घालून ठेवलेला होता. घडी उलगडून घ्यावी, खाली काय आहे ते बघावं, एवढंही कोणाला सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष हळदकुंकवावर. विनिताने पदराच्या मधोमध कात्री घातली, आणि अडकली म्हणून जोर लावला.

दाराआड उभ्या असलेल्या द्वारकाने तो आवाज ऐकला. कात्री एका थरातून जाते तो आवाज वेगळा आणि चार घड्यांतून जाते तो वेगळा. तिने तोंडात पदर कोंबला. कडीवर हात गेला होता. तो तिथेच राहिला.

बाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पूर्वी आली तेव्हा शिऱ्याच्या बशा फिरत होत्या. तिने चपला काढल्या, पाटाजवळ बसली, कापड उलगडलं. एक चीर. आणखी उलगडलं, दुसरी. तिसरी. चौथी. पाठीला, पुढच्या दोन्ही भागांना, बाहीला. सगळ्यावर हळदीचे डाग. जेवढं धड होतं, तेवढंच नेमकं कापलं होतं.

"कोणी केलं हे?"

बायकांनी हातातल्या बशा खाली ठेवल्या.

"मला मध्ये लाव म्हणाल्या गं," विनिता रडायलाच लागली. "मला काय माहीत खाली घड्या आहेत."

"मी आल्याशिवाय नाही म्हटलं होतं ना? फोन केला होता ना मी?"

"अगं, एवढं काय झालं?" आशालताबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "बाजारात एक सोडून हजार कापडं आहेत. मी घेते तुला नवीन. आणि खरं सांगू का, झालं ते एका परीनं बरंच झालं. माझ्या मनात पहिल्यापासून होतं, पण बोलले नाही. ज्या शालूचा धनी असा तरणाताठा गेला, तो हळदीला अंगावर... नकोच ते."

बघा, पोटातलं शेवटी ओठांवर आलं. वेळ टळत नव्हती की मुहूर्त जात नव्हता. तो शालूच नको होता.

पूर्वी उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली. "आई."

तिने दारावर थाप मारली.

"आई, तुला ऐकू आलं होतं ना? कात्री चुकली ते?"

"आलं."

"मग ओरडली का नाहीस?"

"कशी ओरडनार, बाय? मुहूर्त होता."

मला विचाराल तर माणूस एकदाच मरत नाही. दयाराम वाडीत गेला तेव्हा त्याची बायको जिवंत होती. तिला आपण त्यानंतर सावकाश मारली, रोज थोडी, हळदकुंकू हातात घेऊन. स्वतःच्या डोळ्यांदेखत, नाही, कानांदेखत तिचं उभ्या जन्माचं एकमेव रेशीम कापलं जात होतं, आणि तिला ओरडायचीही चोरी होती!

पूर्वी दाराशी खाली बसली. बसल्या बसल्याच मागे वळून म्हणाली, "काकू, नवीन कापड नको. हीच चोळी होणार. आई शिवेल, ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर. आणि हळदीला पहिली हळद मला तीच लावेल."

"आमच्या घरात असं चालत नाही, पूर्वी."

तेव्हा कडी निघाली.

द्वारका बाहेर आली. डोळे लाल, पण पदर खांद्यावर नीट खोचलेला. बायका नकळत मागे सरकल्या. ती आशालताबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिने मान वर करून विचारलं, "तुमची लेक सुखात हाय ना?"

"म्हणजे?"

"तिच्या चोळीवरचे मोर मी भरले. बुटिकवाली बाई पिशवी घेऊन मागच्या दारानं आली होती. फोटो दाखवलात तेव्हा वळखले मी. तुम्हीच म्हनालात, दृष्ट लागंल असा संसार. लागला काय माजा हात?"

कोणाला वाटेल की आता बाईंचे डोळे उघडतील. छे! आशालताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. "तरीच!" त्या ओरडल्या. "तरीच जावयाची बदली नागपूरला झाली! तरीच पोर सारखी आजारी असते!"

रविवारपर्यंत ज्या संसाराला दृष्ट लागेल असं वाटत होतं, त्याला गुरुवारी एकदम साडेसाती लागली. चित भी मेरी, पट भी मेरी. चांगलं झालं तर सवाष्णीचं पुण्य, वाईट झालं तर विधवेचा हात, आणि काहीच झालं नाही तर काहीतरी शोधून काढायचं.

त्यांनी तिथूनच लेकाला फोन लावला आणि मोबाइल पूर्वीपुढे धरला. भावेशचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "पूर्वी, काय चाललंय तुमचं? ऐक, शांत हो. एका ब्लाउजसाठी लग्न मोडणारेस का?"

"हो," पूर्वी म्हणाली. "ब्लाउजसाठीच. कोणी विचारलं तर हेच सांग, मला चालेल."

"अगं, मी समजावतो ना आईला."

"समजाव. तिचं झालं की ये. पुढच्या दाराने ये."

भावेश आला नाही. लग्न मोडलं. आणि आळीने काय म्हणावं? "बघा, विधवेचा शालू पेटीतून बाहेर काढला, झालं पोरीचं वाटोळं." कात्री चालवली सवाष्णीने, जागा दाखवली सवाष्णीने, वेळ काढून दिली गुरुजींनी, फोनवर शेपूट घातली नवऱ्या मुलाने, आणि नाव कोणाचं झालं? घसा सुकेपर्यंत बोलल्या बायका. विनिता तेवढी एकदा येऊन द्वारकाच्या गळ्यात पडली, पण आली तीही मागूनच.

त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, द्वारकाने ओट्यावर चटई घातली. हेलनला बाकड्यावर बसवलं होतं. येणारेजाणारे सायकली हळू करून बघत होते. द्वारकाने शालू मांडीवर घेतला. किती वर्षांनी घेतला! चिरा बोटांनी जुळवून पाहिल्या. कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आई, मी कापू का?"

"नको," द्वारका म्हणाली. "माजा शालू हाय."

जिथे रेशीम पुरलं नाही, तिथे त्यांनी मांजरपाटाच्या पट्ट्या जोडल्या, आधी शिवून पाहिलेल्या चोळीतून काढलेल्या. हिरव्या रेशमात पांढऱ्या सरळ पट्ट्या. द्वारका म्हणत होती, वरून काठ लावून झाकू. पूर्वी म्हणाली, "झाकायचं कशाला? आपण नाही काही चोरलेलं. दिसू दे." जोड आतून इतके साफ बसवले की हेलनने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा देव काय आंधळा हाय? हे हात सोडून तो कुठले हात शोधतो?" द्वारका हसली. खरंच हसली, ओट्यावर, रस्त्यादेखत.

पूर्वी ती चोळी घालून सोमवारी कामावर गेली. जी विचारेल तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कारखान्यातल्या दोन मुलींनी घरी जाऊन आपापल्या आयांना विचारलं म्हणे, माझ्या ताईची चोळी नक्की शिवली कोणी?

त्याच आठवड्यात द्वारकाने मागच्या दाराला आतून अडसर घातला आणि अडसरापुढे तांदळाचं पिंप ओढून ठेवलं. धंदा बसला. नवरीची एक चोळी येत नाही. गणवेश येतात, फॉल-पिको येतं, हेलनकडची फ्रॉकं येतात. यंत्र ओट्यावर चालू असतं. स्वप्नाची चोळी शिवून तयार आहे. ती खुंटीवर टांगलीय, रस्त्यावरून दिसते. न्यायला कोणी येत नाही, आणि हळद तर आली तोंडावर.

आज कडी वाजली. मागची. दबकत. द्वारका यंत्रावर होती, तिचा पाय थांबला. पूर्वीने आईकडे पाहिलं.

"काकू," बंद दाराआडून स्वप्नाची आई पुटपुटत होती. "काकू, मी आहे. उघडा ना. चोळी न्यायचीय. कोणी बघेल हो."

द्वारका जागची उठली नाही. बसल्या जागेवरून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने उत्तर दिलं. "मागचं दार बंद झालं, बाय. पुढून ये. मी ओट्यावरच हाय."

आणि ती पुन्हा शिवायला लागली.

वाचकहो, बायांनो, तुमच्यापैकी किती जणींच्या लग्नाची चोळी पेटीत आहे? ती कोणी शिवली, विचारलंत कधी? लग्नसराई सुरू आहे. यंदाही कोणीतरी पाटावर बसेल, कोणालातरी आत बसवलं जाईल, आणि आपण शिऱ्याची बशी हातात घेऊन म्हणू की मला तसं काही नाही.

स्वप्नाची आई अजून मागच्या पडवीत उभी आहे. पिशवीत मेथी आहे, पाय चिखलात आहेत. तिथून घराला वळसा घालून पुढे यायचं, तर केळीचं एक बेट आणि तुळस, एवढंच ओलांडायचं आहे.